तीन दिवसांच्या त्या गावाबद्दलही एकदा लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पोरं आणि गेम यावर तुम्ही जो लेख छापला तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी जेवण झाल्यावर सावकाश, कारण मला वाटलं सकाळी घाईत माझंच काही वाचायचं राहिलं असेल. पण नाही राहिलं. त्या लेखात पैसे लावायची रमी, मोबाईलवर रात्रभर चालणारी गोळीबाराची मॅच आणि बाकी जगातले सगळे गेम एकाच पोत्यात भरलेत आणि वर दोरी बांधून लिहिलंय व्यसन. मी वयाची सदुसष्ट वर्षं पूर्ण केलेला माणूस आहे, एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, २०१७ ला रिटायर झालो, अमळनेरला राहतो, आणि या उन्हाळ्यात आयुष्यात पहिल्यांदा एक व्हिडिओ गेम सुरुवातीपासून नीट समजून घेतला, म्हणून हे पत्र लिहायची हिंमत करतोय. जरा लांब होईल, तुम्हाला कापावं लागलं तर गेममधल्या पोस्टमनचा भाग तेवढा ठेवा.

आधी एक कबूल करतो की लेखातली काळजी खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर नावाचा आजार आपल्या यादीत घेतलाय आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यातही असं म्हटलंय की खेळण्यावर ताबा राहिला नाही, बाकीची कामं, झोप, नाती सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही सुटत नाही आणि हे साधारण वर्षभर चाललं तर त्याला आजार म्हणायचं, दोन तास खेळला म्हणून पोरगा आजारी असं नाही. आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांवर तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच करून बंदी आणली, त्या कायद्यानेसुद्धा पैसे लावायचे खेळ वेगळे धरलेत आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायचे गेम, वेगळे. सरकारी कागदाला जो फरक कळतो तो पेपरच्या लेखात का येऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

आता त्या गेमकडे येतो.

मे महिन्यात माझी मुलगी आणि तेरा वर्षांचा नातू पुण्याहून आले. आमच्याकडे मे म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, अकरा वाजले की रस्ते ओस, पत्र्यावर भाकरी भाजली जाईल असं ऊन, पोराला बाहेर सोडायची सोय नाही. त्याने बरोबर निन्टेन्डो कंपनीचा स्विच, म्हणजे गेम खेळायचं मशीन, आणलेला, तो टीव्हीला जोडला आणि बसला. मुलीने त्याला नियम घालून दिलेला, दिवसाला एक तास. मी सोप्यावर पडलेलो, डोळे मिटलेले, पण कान उघडे, तर टीव्हीतून एक घंटा वाजली आणि त्या आवाजाने मी उठून बसलो, स्टँडवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला घंटा ऐकू आली की तो आपोआप घड्याळ बघतो. आणि बघतो तर पडद्यावर खालीच घड्याळ! पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस असं लिहिलेलं आणि काटा पुढे सरकतोय. मी विचारलं काय करी राह्यना रे भाऊ, तर म्हणतो, आबा, हाई पूरं गाव टाइमटेबलवर चालस.

तिथून मी खुर्ची पुढे ओढली.

गेमचं नाव द लेजंड ऑफ झेल्डा, मेजोराज मास्क. नवीन नाही, २००० सालचा आहे, निन्टेन्डो ६४ या मशीनसाठी निघालेला, पुढे २०१५ ला थ्रीडीएस या हातात धरायच्या मशीनसाठी नव्याने केला आणि २०२२ पासून स्विचवर वर्गणी भरून खेळता येतो. हा पुढचा भाग आहे, आधीचा ओकारिना ऑफ टाइम १९९८ चा. पुढचा भाग म्हटलं की आपल्याला सवय काय, पहिल्यात एक राक्षस तर दुसऱ्यात तीन, पहिल्यात एक राज्य तर दुसऱ्यात पाच. यांनी उलट केलं. एक गाव घेतलं, आजूबाजूला चार दिशा, दलदल, बर्फाचा डोंगर, समुद्र आणि ओसाड दरी, आणि वेळ दिली फक्त तीन दिवस. आकाशात चंद्र आहे, त्याला माणसासारखा भयंकर चेहरा आहे, आणि तो दर तासाला गावाच्या जवळ येतोय, ७२ तास संपले की गावावर पडणार. हे ७२ तास म्हणजे आपल्या घड्याळाने ५४ मिनिटं. गोष्टीतला एक तास पंचेचाळीस सेकंदांत जातो. मुलीने घातलेल्या एका तासात बरोब्बर एक फेरी बसते हे जेव्हा मी हिशोब करून सांगितलं तेव्हा नातू माझ्याकडे बघतच राहिला, त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं. फेरी हा शब्द आमचा एसटीचा, पण या गेमला तोच बरोबर बसतो.

कारण तीन दिवसांत चंद्र थांबवणं एका फेरीत शक्यच नाही. मग काय करायचं, तर हिरो म्हणजे लिंक, त्याच्याजवळ ओकारिना आहे, आपल्या पावरीसारखं फुंकून वाजवायचं मातीचं वाद्य म्हणा, त्यावर एक ठरावीक धून वाजवली की काळ मागे जातो आणि परत पहिल्या दिवसाची सकाळ, सहा वाजलेले, गावात सुतार उत्सवाचा मांडव ठोकतायत. कमावलेले मुखवटे, शिकलेल्या धुना, मोठी हत्यारं बरोबर राहतात, पण खिशातले पैसे, बाण, बॉम्ब सगळं जातं. आणि मुख्य म्हणजे गावातल्या कोणालाही तुम्ही आठवत नाही. ज्याचा जीव वाचवला तो पण परका. फक्त एक बँक आहे, तिचा माणूस तुमच्या अंगावर शिक्का मारतो आणि तो शिक्का काळ मागे गेला तरी राहतो, म्हणून तिथे ठेवलेले पैसे शिल्लक राहतात. माझ्या बायकोला या सगळ्या गेममधलं हे बँकेचं फार पटलं, ती म्हणाली बचत असावी तर अशी.

हा काळाचा खेळ कसा सुचला त्याचीही गोष्ट आहे. ओकारिना ऑफ टाइम गाजल्यावर निन्टेन्डोत गेम बनवणारे एजी आओनुमा यांना आधीच्याच गेमची भुयारं उलटीपालटी करून द्यायचं काम होतं, त्यांचं मन लागत नव्हतं, तेव्हा त्यांचे वरिष्ठ शिगेरू मियामोतो यांनी त्यांना सांगितलं की मग वर्षभरात नवीन गेम करून दाखवा. त्यांचे सहकारी योशिआकी कोइझुमी तेव्हा दुसराच एक गेम करत होते, त्यात ठरावीक दिवसांत चोर पकडायचा आणि तेच दिवस पुन्हा पुन्हा खेळायचे, ती कल्पना इथे आणली. आधी पूर्ण आठवडा ठेवायचा विचार होता, पण सात दिवसांत कोण कुठे असतं हे खेळणाऱ्याला लक्षात ठेवणं जड जाईल आणि मागे गेल्यावर आता परत सात दिवस या विचारानेच माणूस थकेल म्हणून तीन केले. मला हे फार पटलं. टाइमटेबल करणाऱ्या माणसाला हे कळतं की जास्त फेऱ्या लावणं सोपं, कमी फेऱ्यांत सगळी गावं बसवणं अवघड. आणि वेळ कमी म्हणून त्यांनी पात्रांचे चेहरे जुन्याच गेममधले वापरले, पण माणसं वेगळी केली, आपल्याकडे वगात नाही का, मघाशी जो शिपाई होता तोच टोपी बदलून सावकार होऊन येतो आणि लोक मान्य करतात.

मी एक दोनशे पानी वही घेतली. एका पानाला तीन रकाने, पहिला दिवस, दुसरा, तिसरा, आणि डाव्या बाजूला माणूस. गेममध्ये पण अशी एक वही लिंकला मिळते, तिच्यात वीस माणसं आहेत, कोण कधी भेटलं, कोणाला काय वचन दिलं ते त्यात येतं, पण मला माझ्या हाताने लिहिल्याशिवाय पटत नाही. नातू खेळायचा, इंग्रजी वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा, बायको आली की अहिराणीत सांगायचा, आणि मी लिहायचो. पोराचं इंग्रजी सुधारलं का हे मला माहीत नाही, पण मराठी सुधारली, कारण मी दर वाक्याला विचारायचो की म्हणजे नक्की काय म्हणाली ती, रागावून म्हणाली की रडून.

ती म्हणजे अंजू. गावातल्या लॉजची मालकीण, साधी पोरगी. तिचं लग्न उत्सवाच्या दिवशी ठरलंय आणि नवरा मुलगा काफे महिनाभर गायब आहे. गाव काहीबाही बोलतं. खरं असं की स्कल किडने, म्हणजे जो चंद्र गावावर ओढतोय त्या पोराने, शाप देऊन त्याला लहान पोरगा करून टाकलंय आणि वर लग्नात बायकोला द्यायचा मुखवटा साकॉन नावाच्या चोराने पळवलाय, त्या लाजेने तो धोबीघाटाजवळ लपून बसलाय, मुखवटा मिळाल्याशिवाय समोर जाणार नाही म्हणतो. आता हे जुळवायचं कसं बघा. पहिल्या दिवशी दुपारी काफेचा चेहरा असलेला मुखवटा लावून अंजूला भेटायचं, ती म्हणते रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात या. त्या वेळेला गेलात तर ती चिठ्ठी देते. चिठ्ठी पोस्टाच्या पेटीत टाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन ती पोहोचवतो तेव्हा काफे दार उघडून बाहेर येतो, तेवढ्यात आत शिरायचं. तो एक लॉकेट देतो, ते अंजूला नेऊन द्यायचं म्हणजे ती गाव सोडून जाणार नाही, थांबेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लांब दरीत चोराच्या अड्ड्याबाहेर दबा धरायचा, चोर आला की मागोमाग आत, मुखवटा सोडवायचा. एक मिनिट चुकलं की संपलं, परत पहिली सकाळ. आमचं तीन वेळा चुकलं. एकदा तर तिसऱ्या रात्री ऐन वेळी चुकलं आणि सगळी फेरी वाया गेली, पोरगा रडकुंडीला आला होता. स्विचवर मध्येच थांबवून ठेवायची सोय आहे पण त्याने ठरवलेलं की ती नाही वापरायची.

चौथ्या वेळेला जमलं. अंजू लॉजच्या खोलीत बसलेली, सगळं गाव पळून गेलंय, जमीन हादरतेय, घंटा वाजतायत, पहाटेचे साडेचार वाजले आणि चंद्र पडायला दीड तास राहिला, म्हणजे आपल्या घड्याळाने एक मिनिट आणि वर काही सेकंद, तेव्हा दार उघडून काफे येतो. अजून लहान पोराच्याच देहात. तिने त्याला ओळखलं. त्यांनी एकमेकांना सूर्याचा आणि चंद्राचा मुखवटा दिला, ते दोन मिळून एक मुखवटा झाला, तो लिंकला दिला, आणि आम्हाला म्हणाले तुम्ही जा, आम्ही इथेच सकाळची वाट बघतो, एकत्र.

माझ्या घरात तेव्हा कोणी बोललं नाही. बायको वरणाला फोडणी द्यायची सोडून दारात उभी होती.

आणि मग नातवाला ओकारिना वाजवावी लागली, कारण जीव वाचवायचा तर मागे जावंच लागतं. परत पहिली सकाळ, सहा वाजलेले, अंजू काउंटरवर, नवऱ्याचा पत्ता नाही, तिला काही आठवत नाही. तो पोरगा कंट्रोलर मांडीवर ठेवून मला म्हणाला, आबा, आपण इतकं केलं ते फक्त आपल्याला माहीत. तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य आलं संपादक साहेब, आणि तुमच्या लेखात लिहिलंय की गेममुळे मुलांच्या भावना बोथट होतात.

या गेममधली दुसरी विलक्षण गोष्ट म्हणजे मुखवटे. एकूण चोवीस आहेत. काही साधे, लावला की कुणी आपल्याशी वेगळं बोलतं एवढंच. पण काही असे की लावला की देहच बदलतो, गेममधल्या डेकू, गोरॉन, झोरा या जमातींपैकी एक होता येतं. डेकू झालात तर हलके होता, पाण्यावरून पाच उड्या मारता येतात, फुलात शिरून वर उडता येतं, पण आगीची भीती. गोरॉन झालात तर दगडासारखे जड, गोल होऊन डोंगरावर घरंगळत जाता, पाण्यात बुडता. झोरा झालात तर माशासारखे. नातवाला ते पळणं पोहणं आवडलं, मला जे कळलं ते वेगळंच. गोरॉन आणि झोराचे मुखवटे हे मेलेल्या माणसांचे आहेत. एक आपल्या लोकांना वाचवायला गेलेला वीर, एक गाणाऱ्या टोळीतला वादक, दोघांच्या मनात काम अर्धं राहिल्याचं दुःख, लिंक धून वाजवून त्यांना शांत करतो आणि मागे उरतो तो मुखवटा. तो लावून त्यांच्या वस्तीत गेलं की लोकांना वाटतं आपला माणूस परत आला, आनंदाने धावत येतात, आणि आत कोण आहे ते फक्त आपल्याला माहीत.

खान्देशातल्या माणसाला हे नवीन नाही. माझ्या लहानपणी गावात सोंगं निघायची, माझा चुलता देवीचं सोंग घ्यायचा, लाकडाचा जड मुखवटा, आत घाम, बाहेर डफ आणि संबळ, आणि माझी आजी, त्याची सख्खी आई, मुखवटा चढला की त्याच्या पाया पडायची. मुखवटा उतरला की त्यालाच म्हणायची हातपाय धू आणि भाकर खा. आणि वर सातपुड्यात काठी गावच्या होळीला जे लोक बुध्या, बावा होतात, अंगावर ठिपके, कमरेला भोपळे आणि घुंगरं, डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप, ते नुसता वेष करत नाहीत, ते दिवस नेमाने पाळतात, कारण ते रूप घेतलं की त्याची जबाबदारी येते. हे मी नातवाला सांगितलं, त्याने फोनवर काठीच्या होळीचे फोटो शोधले आणि म्हणाला, आबा, मग यावर कोणी गेम का नाही केला. मला उत्तर देता आलं नाही. आपल्या जिल्ह्यांतून एवढी पोरं कॉम्प्युटर शिकून बाहेर पडतात, एखाद्याने हे वाचलं तर बरं होईल, म्हणूनही हे लिहितोय.

आता पोस्टमन.

हा माणूस तिन्ही दिवस धावत असतो, पेट्या उघडायची वेळ ठरलेली, पत्र द्यायची वेळ ठरलेली, फावल्या वेळात खोलीत बसून मनातल्या मनात दहा सेकंद बरोबर मोजायचा सराव करतो, आणि खेळणाऱ्यालाही म्हणतो तू मोजून दाखव. मी घड्याळ न बघता मोजून दाखवलं, पहिल्या झटक्यात, नातवाने बटण दाबलं माझ्या इशाऱ्यावर. तर तिसऱ्या रात्री अख्खं गाव रिकामं झालंय, जो तलवारबाज चंद्राचे तुकडे करीन म्हणत होता तो पण मागच्या खोलीत कोपऱ्यात बसून मला मरायचं नाही म्हणून रडतोय, आणि हा पोस्टमन आपल्या खोलीत तळमळतोय. त्याला पळायचंय. पण पळणं टाइमटेबलमध्ये लिहिलेलं नाही. लिहिलेलं नाही म्हणून तो पळू शकत नाही.

त्याला सोडवायचा एकच मार्ग. काफेने आईला लिहिलेलं तातडीचं पत्र त्याच्या हातात द्यायचं. मग तो जिवाच्या आकांताने धावत ते पोहोचवतो, आणि ती बाई त्याला सांगते की आता तू जा, तुझा जीव वाचव. कोणीतरी आज्ञा दिली तेव्हा तो सुटला. जाताना आपली टोपी लिंकला देऊन गेला.

ज्या वर्षी हा गेम निघाला त्याच वर्षी, २००० साली, मी धुळे जिल्ह्यातल्या एका स्टँडवर होतो. पावसाळ्याचे दिवस, सातपुड्याकडे जाणारी शेवटची मुक्कामी गाडी फलाटाला लागलेली. एक म्हातारा आला, पाड्यावरचा, म्हणाला साहेब दहा मिनिटं थांबवा, बायको दवाखान्यातून औषध घेऊन येतेय, चालवत नाही तिला. मी घड्याळ दाखवलं. लॉगशीटवर सही केली आणि गाडी वेळेवर सोडली. नियमाने मी बरोबर होतो, माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही, ठेवलाही नसता. ती बाई सात मिनिटांनी आली. दोघं रात्रभर स्टँडच्या बाकावर, अंगावर एकच घोंगडी, मी माझ्या केबिनच्या काचेतून बघत होतो. सकाळी पहिल्या गाडीला मी स्वतः जाऊन त्यांना पुढची सीट धरून दिली, तर म्हातारा मलाच हात जोडून म्हणाला उपकार झाले साहेब. त्यानंतर सतरा वर्षं नोकरी केली, कोणाला कधी हे सांगितलं नव्हतं. त्या पोस्टमनला खोलीत तळमळताना बघितलं आणि नातवाला सांगून टाकलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आबा, मग त्यानंतर तुम्ही गाडी थांबवायचे का कधी. मी म्हणालो हो, थांबवायचो. पाच मिनिटं, सात मिनिटं. लिहिताना कारण दुसरं लिहायचो.

माझ्या घरात आजोबा आणि नातू यांच्यात असं बोलणं याआधी कधी झालं नव्हतं, आणि ते एका गेममुळे झालं, आणि असा एखादा गेम जगात असतो हेच तुमच्या पुरवणीच्या वाचकाला कळणार नसेल तर त्याने पोराच्या हातातलं मशीन हिसकावून कपाटात ठेवण्यापलीकडे करायचं काय.

अजून एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय गेम पूर्ण समजणार नाही. पहिल्याच रात्री एका म्हातारीची बॉम्बची पिशवी तोच चोर साकॉन पळवतो. तुम्ही त्याला अडवू शकता, म्हातारी खूश होते, एक मुखवटाही मिळतो. पण अडवलं की त्या फेरीत अंजू आणि काफेची भेट होणं शक्य नाही, कारण पुढचा सगळा माग त्या चोरावरून जातो. म्हणजे एकीचं भलं केलं की दुसरीचं राहतं. तिकडे शेतावर दोन बहिणी आहेत, पहिल्या रात्री अडीच वाजता त्यांच्या गाई पळवायला आकाशातून कोणीतरी येतं, तिथे थांबलात तर त्या वेळेला गावात जे घडतं ते हुकतं. गावात राहावं की निघून जावं यावर सुतारांचा मुकादम आणि शिपायांचा प्रमुख तिन्ही दिवस भांडतायत आणि नगराध्यक्ष मधे बसून घाम पुसतोय, तेही कुणीतरी जाऊन मिटवायला पाहिजे. नातू पहिले काही दिवस चिडायचा, म्हणायचा सगळ्यांना एकाच फेरीत वाचवता आलं पाहिजे. वहीत रकाने जोडून आम्ही किती वेळा बघितलं, नाही जमत. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं की या फेरीत कोणासाठी जायचं, आणि ठरवताना तो विचार करायला लागला की कोणाला जास्त गरज आहे. आणि तो स्कल किड, ज्याने हे सगळं केलं, तोही मुळात एकटा पडलेला पोरगा आहे, त्याचे चार मोठे मित्र त्याला सोडून गेले म्हणून चिडलेला. शेवटी तेच चार राक्षसी देहाचे मित्र हाक मारली की चार दिशांनी येतात आणि चंद्र हातांवर तोलून धरतात. मारामारी आहे गेममध्ये, नाही असं नाही, चार मोठी मंदिरं आहेत, प्रत्येकात एक अक्राळविक्राळ प्राणी आहे, पण त्याबद्दल मी लिहीत नाही, तो भाग मला डोळ्यांना झेपला नाही आणि नातू एकटाच खेळला.

तर माझी विनंती अशी. तुम्ही दर आठवड्याला नवीन सिनेमाबद्दल लिहिता, नाटकाबद्दल लिहिता, पुस्तकांना अर्धं पान देता, आणि ते चांगलं करता, मी ते सगळं वाचतो. तसाच एक कोपरा गेमसाठी ठेवा. महिन्यातून एकदा ठेवा, दोनशे शब्द ठेवा. पण लिहायला असा माणूस घ्या ज्याने तो गेम स्वतः शेवटपर्यंत खेळलाय, बाहेरून ऐकून लिहिणारा नको. कोणत्या वयाला चालेल, एका वेळेला किती वेळ लागतो, पैसे मागतो का, आत गोष्ट काय आहे, त्यात नवीन काय केलंय, एवढं त्याने सांगावं. आमच्या पिढीला मुलांच्या खांद्यावरून बघायचं तरी काय बघायचं हे कळेल. आणि रमी, सट्टा, त्याबद्दल जेवढं कडक लिहायचं तेवढं लिहा, माझ्या ओळखीतली दोन घरं त्यात बसली आहेत, एकाने केळीचे आलेले सगळे पैसे घालवले, त्याबद्दल माझं दुमत नाही. फक्त त्या घरांचं दुःख आणि माझ्या नातवाचा स्विच एका मथळ्याखाली टाकू नका.

नातू जूनमध्ये परत गेला, स्विच त्याच्याबरोबर गेला, वही माझ्याकडे आहे. आमचे चोवीसपैकी सतरा मुखवटे झालेत. त्याच्याशी रविवारी फोनवर बोलणं होतं तेव्हा तो पुण्यातून विचारतो की आबा, दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता दूध विकणाऱ्या ताईची गाडी कुठे असते, आणि मी वही उघडून सांगतो. तुमच्या कार्यालयात कोणाला हा गेम खेळून त्यावर लिहायचं असेल तर मी ती वही रजिस्टर पोस्टाने पाठवायला तयार आहे, झेरॉक्स काढून घ्या आणि दिवाळीच्या आधी परत करा, दिवाळीला पोरगा येतोय आणि तिसऱ्या दिवसाच्या पानावर अजून अर्धा रकाना कोरा आहे.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
अमळनेर, जि. जळगाव